गेटपाशी थांबलेली श्रद्धा

शब्दांपेक्षा कृती मोठी, हे वाक्य आजवर इतक्या व्यासपीठांवरून, इतक्या प्रवचनांतून आणि इतक्या दिनदर्शिकांच्या पानांवरून सांगून झाले आहे की, आता ते वाक्यच निव्वळ शब्द होऊन बसले आहे. सुवार्ता सदैव सांगावी, शब्दांचा वापर गरज पडली तरच करावा, अशा आशयाचे एक वचन असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर आपल्या सभागृहांच्या भिंतींवर चौकटीत लावलेले दिसते. त्या संताच्या लिखाणात ते कोठेही सापडत नाही. उलट हा संत गावोगावच्या चौकांत उभा राहून भरपूर बोलत असे. आणि त्याच्या बोलण्याला वजन होते, ते त्याने आधी अंगावरची वस्त्रे उतरवून बापाच्या हवाली केली होती म्हणून. तरीही ते वचन लोकांना आवडते. का आवडते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ते दोन्ही अंगांनी सोयीचे आहे, हेच त्याचे कारण असावे. त्यामुळे बोलण्याच्या जबाबदारीतून सुटका होते, आणि करायचे काय, हेही त्यात सांगितलेले नाही.

आमचे भांडण या सोयीशी आहे.

आपण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहतो. म्हणून आम्ही या प्रश्नाचा विचार येथेच, या धुरात आणि या वाहतुकीत करणार आहोत. १९५५ हे वर्ष आठवावे. त्या वर्षीच्या १ मे रोजी पोप पायस बारावे यांनी श्रमिक संत योसेफचा सण जाहीर केला. त्याच वर्षी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने सरकारने उभारलेला तो कारखाना. पुढे साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आली, पिंपरीत टेल्को आली, १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने गावोगावच्या जमिनी घेतल्या, आणि नगर, जालना, वसई, गोवा, मंगळूर, केरळ, तमिळनाडू अशा दाही दिशांनी आपली कुटुंबे येथे येऊन राहिली. १९७२ च्या दुष्काळाने नगर आणि मराठवाड्यातील किती घरे इकडे ढकलली, हे त्या घरांतील म्हाताऱ्या माणसांना विचारावे. येथील धर्मग्रामांची पहिली पिढी ही कामगारांची पिढी होती. रविवारच्या मिस्सेला ती पांढरा सदरा घालून येई. पण नखांतील तेलाचा काळा रंग काही जात नसे.

त्या पिढीची मुले शिकली, आणि याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. त्यांतील कोणी अभियंता झाला, कोणी खरेदी विभागात गेला, कोणी मनुष्यबळ विभागात अधिकारी झाला, कोणी भोसरीत चार पॉवर प्रेस घालून स्वतःचे वर्कशॉप काढले. ज्या बापाने हातात डबा घेऊन गेटवर रांग लावली, त्याचा मुलगा आज त्याच गेटच्या आत बसून ठेकेदाराच्या बिलावर सही करतो. आणि गेटवरची रांग काही संपलेली नाही. रांगेतील माणसे तेवढी बदलली आहेत. आता त्या रांगेत झारखंडचा, ओडिशाचा, बिहारचा, विदर्भाचा आणि बीड-परभणीचा मुलगा उभा आहे. त्याच्या युनिफॉर्मचा रंग वेगळा आहे. त्याला 'कंपनीचा माणूस' म्हणत नाहीत, 'ठेकेदाराचा माणूस' म्हणतात. सलग २४० दिवस भरू नयेत म्हणून त्याला सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. मध्यंतरी त्याला 'शिकाऊ' म्हणण्याचीही रीत निघाली होती. २०१३ साली 'नीम' नावाची एक योजना आली. तिच्यात मुलगा तेच काम, त्याच मशीनवर, तेवढेच तास करी. परंतु तो शिकत आहे असे कागदावर असल्यामुळे त्याला पगार नसे, विद्यावेतन असे, आणि विद्यावेतनावर भविष्यनिर्वाह निधी कापण्याचे कारण नसे. ती योजना पुढे बंद झाली. योजना बंद झाल्या तरी युक्त्या चालू राहतात.

आता ८ डिसेंबरविषयी लिहिले पाहिजे. हा पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. २०२३ साली तो शुक्रवारी आला. त्या दुपारी तळवड्यात एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तेथे तयार होत असत. शेड परवान्याविना चाललेली, काम स्फोटक दारूचे, आणि कामाला बहुतेक बाया. सहा जणी जागच्या जागी गेल्या. भाजलेल्यांपैकी आणखी काही जणी पुढच्या दिवसांत दवाखान्यात गेल्या. त्या संध्याकाळी आपल्या चर्चमधून मरियेच्या सणाची मिस्सा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. आमची तक्रार मिस्सेविषयी नाही. परंतु ज्या मातेचा आपण सण करतो, तिने एलिझाबेथच्या घरी जे स्तोत्र गायले, त्यात दीनांना वर उचलण्याची आणि भुकेल्यांना तृप्त करण्याची गोष्ट आहे. ते स्तोत्र रोज सायंप्रार्थनेत म्हणणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना आणि ते ऐकणाऱ्या श्रद्धावंतांना तळवडे किती अंतरावर आहे? निगडीहून रिक्षाने अर्धा तास. ठिणग्यांची मेणबत्ती आपल्याही घरी वाढदिवसाला पेटते. ती भरणाऱ्या बाईला दिवसाचे किती मिळतात आणि तिच्या शेडला दुसरे दार आहे काय, हे प्रश्न आपल्या प्रार्थनासभांत कधी निघतात काय?

पुढच्याच वर्षी, २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी, भोसरीच्या सद्‌गुरूनगरमधील मजुरांच्या छावणीत पाण्याची नवी बांधलेली टाकी फुटून पडली. कामावर जाण्यापूर्वी अंघोळीला आलेली परप्रांतातील मुले खाली होती. पाच जण गेले. वर्तमानपत्रांनी दोन दिवस बातमी दिली, मग दिवाळी आली.

या दोन घटनांशी आपल्या समाजाचा काय संबंध, असे कोणी विचारील. ते कारखाने आपले नव्हते, ठेकेदार आपले नव्हते. हे खरेच आहे. परंतु हा प्रश्न विचारणाऱ्याने दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांची आठवण करावी. त्या दोघांनीही वाटसरूला मारलेले नव्हते. ते फक्त रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेले. प्रभूने त्यांच्यावर दुसरा कोणताही आरोप ठेवलेला नाही.

आपल्यातील काही वाचक येथे थोडे अस्वस्थ होऊन म्हणतील की, धर्मग्राम पुष्कळ काही करतो. नाताळला गरिबांना तांदूळ-साखरेची पिशवी देतो, उपवासकाळात डबे फिरवून पैसे जमवतो, संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी विधवांना महिन्याचे साहाय्य देते. या सोसायटीचा आम्हांला आदर आहे, आणि म्हणूनच तिचा जन्म कसा झाला ते सांगणे अगत्याचे वाटते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभेत चर्चची बाजू मांडीत असे. चर्चने गतकाळात काय काय केले, हे तो मोठ्या अभ्यासाने सांगे. विरोधी पक्षातील तरुणांनी त्याला विचारले की, गतकाळाचे राहू दे, आज तुम्ही लोक गरिबांसाठी काय करीत आहात? त्या प्रश्नाने ओझानाम वादात जिंकण्याचा नाद सोडून पॅरिसच्या कामगार वस्तीत शिरला, आणि सोसायटी जन्मली. पण तो तेथेच थांबला नाही, हे आपण विसरतो. पुढे कायद्याचा आणि साहित्याचा प्राध्यापक झाल्यावर त्याने मजुरीविषयी लिहिले, बोलले, आणि दानधर्म ही न्यायाची जागा घेऊ शकत नाही, अशी भूमिका घेतली. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढून योग्य मजुरीचा आणि कामगारांच्या संघटनेचा हक्क सांगितला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानामला धन्यवादित घोषित केले. त्याची तसबीर आपण लावली, त्याची अर्धीच गोष्ट घेतली.

तांदळाची पिशवी चांगली आहे. परंतु ज्या माणसाचा ओव्हरटाइम आपण बुडवला, त्यालाच नाताळात पिशवी दिली, तर त्याला दान म्हणत नाहीत. मराठीत त्याला दुसरे नाव आहे, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

मजुरी अडकवणे हे स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या चार पापांपैकी एक आहे, हे जुन्या धर्मशिक्षणात लहान मुलांकडून पाठ करून घेत असत. खून त्याच रांगेत आहे. सूर्य मावळण्यापूर्वी मजुराला त्याचे पैसे द्यावेत, असा मोशेच्या नियमशास्त्रातील दंडक आहे. आणि शेतमजुरांची अडकवलेली मजुरी कशी ओरडते, हे संत याकोबाने आपल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात इतक्या कडक शब्दांत लिहिले आहे की, ते वाचताना आजही घसा कोरडा पडतो. कृतीविना श्रद्धा मृत आहे असे ज्याने लिहिले, तोच हा याकोब. त्याचा दुसरा अध्याय आपण निबंधस्पर्धेला देतो, पाचवा अध्याय वाचायला कोणाला सांगत नाही. प्रायश्चित्ताच्या संस्कारापूर्वी विवेकाची तपासणी करण्यासाठी ज्या छोट्या पुस्तिका मिळतात, त्या चाळून पाहाव्यात. रविवारची मिस्सा चुकवली काय, शुक्रवारी मांस खाल्ले काय, खोटे बोललो काय, हे सर्व त्यांत आहे. कामाच्या मावशींचा पगार गावी जाताना कापला काय, हा प्रश्न त्यांतल्या कितीत आढळतो? १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला, तेव्हा साप्ताहिक सुट्टी आणि पगारवाढ मागायला त्यांना रस्त्यावर यावे लागले. महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला तो २००८ साली. देवाच्या आज्ञा माहीत असलेल्या घरांना त्या संपापर्यंत किंवा त्या कायद्यापर्यंत थांबण्याची आवश्यकता नव्हती, आणि आजही नाही.

आता अधिकारीवर्गाकडे वळू, कारण खरा वाद तेथे आहे. 'फादर, धोरण वर ठरते, आम्ही नोकर माणसे,' असे आम्हांला सांगण्यात येते. यात तथ्य आहे. ठेका पद्धत बंद करणे हे एखाद्या उपव्यवस्थापकाच्या हातात नाही, हे आम्ही जाणतो. १९७० चा ठेका कामगार कायदा होता तोवर तो जसा वाकवला गेला, तशाच २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार कामगार संहिताही वाकवल्या जातील; त्यासाठी हुशार माणसे आधीच कामाला लागली असतील, आणि त्यांतील काही आपल्याच शाळांतून शिकलेली असतील. परंतु जे हातात आहे त्याचे काय?

एक उदाहरण सविस्तर सांगतो. 'सेफ इन इंडिया' नावाची एक संस्था वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांतील अपघातांचा अभ्यास करते. २०१९ पासून तिने 'क्रश्ड' या नावाचे अहवाल काढले. आरंभ हरियाणात झाला, पुढे आपल्या चाकण पट्ट्यातही तिचे काम सुरू झाले. त्या अहवालांतून दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या. बोटे तुटण्याचे प्रमाण पॉवर प्रेसवर फार मोठे आहे. आणि जखमी कामगारांपैकी पुष्कळांना कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्ड अपघात झाल्यानंतर मिळाले. ते कामावर रुजू होण्याच्या दिवशी मिळायला हवे. म्हणजे जोवर बोट शाबूत आहे तोवर त्या मुलाचे नाव कोठेच नाही. बोट तुटले की धावपळ करून त्याची नोंद करायची आणि त्याला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात न्यायचे. ही योजना १९४८ च्या कायद्याची. २०१९ च्या जुलैमध्ये मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के इतका खाली आणण्यात आला. एवढा वाटा वाचवण्यासाठी कोणाची तर्जनी पणाला लावली जाते, याचा हिशेब वर्कशॉपच्या मालकाने रात्री जपमाळ हातात घेण्यापूर्वी एकदा करावा. जपमाळेचे मणी ओढायलाही बोटे लागतात.

मनुष्यबळ विभागातील आपल्या माणसाला कार्ड पहिल्या दिवशी काढता येते. त्यासाठी कंपनीचे धोरण बदलावे लागत नाही. कायद्यानेच ते सांगितले आहे. खरेदी विभागातील आपल्या माणसाला पुरवठादाराचा दर घासताना विचारता येते की, एवढ्या कमी दरात तुझ्या प्रेसला सेन्सर आहे काय? सुपरवायझरला सेन्सरची वायर काढून उत्पादन वाढवणाऱ्या माणसाचे तोंडभरून कौतुक करणे टाळता येते. वित्त विभागातील आपल्या भगिनीला ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी भविष्यनिर्वाह निधीचे चलन मागता येते, आणि चलनावरील नावे हजेरीपटाशी ताडून पाहता येतात. यांतल्या कशासाठीही हौतात्म्य लागत नाही. थोडी अप्रियता लागते. साहेबांच्या कपाळाला एखादी आठी पडते, एखादी बढती वर्षभर लांबते. ख्रिस्ताचा क्रूस उचलण्याविषयी आपण गातो, तेव्हा त्या क्रूसाचे वजन यापेक्षा कमी असेल, असे आपण कशावरून धरून चाललो आहोत?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. आपण अल्पसंख्य आहोत, काळ बरा नाही, उगाच कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये, असे वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांना भय वाटते आणि त्या भयाला कारण आहे. फादर स्टॅन स्वामी या जेसुइट धर्मगुरूंनी झारखंडमधील आदिवासींच्या जमिनीसाठी आणि तुरुंगात खितपत पडलेल्या तरुणांसाठी आयुष्य घातले. ८ ऑक्टोबर २०२० रोजी एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली, आणि ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, ८४ वर्षांचे असताना ते मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात कोठडीतच वारले. कृतीची किंमत असते, हे त्यांच्या मरणाने सिद्ध झाले. परंतु या पट्ट्यातील कारकुनाला आणि अधिकाऱ्याला आज कोणी तेवढी किंमत मागितलेली नाही. हाजरीपट खरा लिहा, एवढेच मागितले आहे. ज्या झारखंडच्या मुलांसाठी फादर स्टॅन तुरुंगात गेले, त्यांचेच भाऊबंद महाळुंग्याला, निघोज्याला आणि खराबवाडीत एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण पाळीपाळीने झोपतात. त्यांत आपले उराव, मुंडा, खडिया कॅथलिक तरुणही आहेत. त्यांनी आपल्या बाप्तिस्म्याचे दाखले गावाहून पिशवीत घालून आणलेले असतात.

ही मुले मिस्सेला येत नाहीत, म्हणून ती धर्मापासून दूर गेली, असा शेरा आम्ही एका सभेत ऐकला. शेरा मारणाऱ्या सद्‌गृहस्थांना एक साधी गोष्ट ठाऊक नव्हती. आपल्या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सकाळी आठच्या मिस्सेला आपण घंटा वाजवतो, तेव्हा तो मुलगा पहिल्या पाळीत मशीनवर उभा असतो. त्याला चर्चमध्ये आणायचे तर चर्चने गुरुवारी, त्याच्या भाषेत, संध्याकाळी मिस्सा ठेवली पाहिजे. हे वेळापत्रक बदलायला धर्मपीठाकडून विशेष फर्मान यावे लागत नाही.

येथे आम्हांला शब्दांची बाजू घ्यायची आहे, कारण कृतीच्या नावाखाली शब्दांना हिणवण्याची एक फॅशन निघाली आहे आणि ती फसवी आहे. आम्ही काही बोलत नाही, आम्ही मुकाट्याने सेवा करतो, असे म्हणणाऱ्यांत खरे सेवक आहेत तसे भित्रेही आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची आयुध काय होती? 'सुवार्ता' मासिकाचे संपादकपद आणि एक खणखणीत आवाज. वसईचे पाणी टँकरने उपसले जात होते, हिरवा पट्टा बिल्डरांच्या नकाशात चालला होता, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या व्यासपीठावरून ते बोलले, आणि धमक्या येऊनही बोलत राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ते बसले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांचे बोलणे ही कृती होती, कारण त्या बोलण्याची किंमत त्यांनी मोजली. सेफ्टी कमिटीच्या बैठकीत 'हे मशीन बंद करा' हे चार शब्द उच्चारणारा फोरमन त्या क्षणी जेवढी कृती करतो, तेवढी वर्षभर वर्गणी देणारा कदाचित करीत नसेल. ज्याची किंमत पडत नाही ते बोलणे पोकळ, आणि ज्याची किंमत पडत नाही ती कृतीही बहुधा पोकळच. द्राक्षमळ्यात जातो म्हणून न गेलेला एक मुलगा आणि जात नाही म्हणून गेलेला दुसरा, हा दाखला सर्वांना ठाऊक आहे. त्यातील पहिल्या मुलाचा दोष तो बोलला हा नव्हता. मळ्यात त्याचा पत्ता नव्हता, हा होता.

फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले जेसुइट. नगर जिल्ह्यातील कोरड्या गावांत त्यांना कळले की, भुकेल्याला गहू वाटून भूक संपत नाही. डोंगरावरून वाहून जाणारे पाणी अडवले पाहिजे, आणि ते गावानेच श्रमदानाने अडवले पाहिजे. १९९३ साली त्यातून पाणलोट विकासाची 'वॉटर' ही संस्था उभी राहिली. त्या कामातील बहुसंख्य गावकरी ख्रिस्ती नव्हते, आणि बाखरबाबांना त्याची खंत असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि बाबा आढाव? त्यांनी आयुष्यभर ख्रिस्ताचे नाव घेतले नाही. कोणत्याच देवाचे घेतले नाही. हमालांच्या पाठीवरचे ओझे त्यांनी पाहिले, हमाल पंचायत बांधली. माथाडी कामगारांचा १९६९ चा कायदा अशाच संघटित श्रमिकांच्या रेट्याने झाला. 'कष्टाची भाकर' १९७४ पासून पुण्यात श्रमिकाला स्वस्तात पोटभर जेवू घालू लागली. हे आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी वारले, मरियेच्या त्याच सणाच्या दिवशी. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी उजवीकडच्या लोकांना आश्चर्य वाटते, कारण आपण राजाला कधी जेवू घातले हे त्यांना आठवतच नाही. तो अध्याय वाचताना आम्हांला असे पुष्कळ अनोळखी चेहरे दिसतात. डावीकडच्यांना मात्र राजाचे नाव पाठ होते.

पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये हे नाव घेतले, ते लिओ तेराव्यांच्या आणि त्या १८९१ च्या परिपत्रकाच्या आठवणीने, हे त्यांनीच सांगितले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गरिबांवरील प्रेमाविषयी 'दिलेक्सी ते' हे त्यांचे प्रबोधन आले. त्याचे अभ्यासवर्ग होतील, मराठी पुस्तिका निघतील, प्रकाशनाला पाहुणे येतील. ते सर्व व्हावे. परंतु त्या अभ्यासवर्गाला खुर्च्या मांडणारी आणि नंतर सभागृह झाडणारी बाई कोणत्या एजन्सीची आहे आणि तिला किमान वेतन मिळते काय, हे व्यासपीठावरील मंडळींनी आधी पाहून घ्यावे. आपल्या संस्थांच्या फाटकांवर निळ्या गणवेशात बारा तास उभा असलेला रखवालदार हा आपल्या शाळेच्या बोधवाक्याखालीच उभा असतो. त्याच्या पगाराची पावती मागण्याचा अधिकार त्या संस्थेला आहे. जगाला सामाजिक न्याय शिकवणाऱ्यांनी पहिली पावती तेथून मागवावी.

यास्तव आमची सूचना अशी की, प्रत्येक धर्मग्रामाच्या मंडळाने आपल्या हद्दीतील कामगारवस्त्या, मजूर अड्डे आणि छोट्या शेडी प्रत्यक्ष फिरून पाहाव्यात. डांगे चौकात सकाळी सातला उभे राहिले की, अकराव्या तासापर्यंत कोणी कामाला न लावलेल्या मजुरांचा दाखला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या समाजात वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त कामगार पुढारी आहेत, ईएसआयचे अर्ज डोळे मिटून भरतील असे निवृत्त कारकून आहेत. त्यांनी गुरुवारी संध्याकाळी दोन तास चर्चच्या आवारात टेबल टाकून बसावे. येणाऱ्याचा धर्म विचारू नये. त्याचे कार्ड आहे काय, नसेल तर का नाही, पगार बँकेत येतो की हातात, शेडला बाहेर पडायला दुसरे दार आहे काय, एवढेच विचारावे आणि वहीत लिहावे.

हा विषय आम्ही आमच्या मंडळाच्या विषयपत्रिकेवर घातला. सणाच्या मंडपाचा आणि बँडचा विषय आधी घ्यावा, तो तातडीचा आहे, असे एका सभासदांनी सुचवले. मंडपाचा विषय आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे.